वादळासाठी रिकामे केलेले ड्रम

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. तरीही चक्रीवादळाच्या तयारीत अख्ख्या गल्लीत आमचं घर सगळ्यात पुढे होतं, आणि नुकसानही फक्त आमचंच झालं.

आमची पल्लवी कोकणात दिलीय, श्रीवर्धनच्या बाजूला. अंगणातून समुद्र दिसतो. पण चक्रीवादळ त्या लोकांनीही तोवर टीव्हीवरच पाहिलेलं, तेही दुसऱ्याच किनाऱ्यावरचं. त्यामुळे त्या वर्षी वादळ आपल्याच दिशेनं येतंय असा इशारा आला तेव्हा अख्खं गाव गोंधळून गेलं. नारळ उतरवून ठेवायचे की झाडावरच राहू द्यायचे, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या की खिडक्या सताड उघडायच्या, कुणालाच काही कळेना. मला मात्र सगळं कळत होतं. (मला न कळणारी गोष्ट अजून जन्माला यायचीय असं आमचे हे म्हणतात. मी ते कौतुक समजते.)

मी लगेच विहीणबाईंना फोन लावला.

"घाबरायचं नाही! आधी पाणी भरून घ्या."

"पाणी?"

"हंडे, बादल्या, पातेली, जे भांडं दिसंल ते भरायचं आणि वर झाकण ठेवायचं."

"अहो ताई, दारात विहीर आहे आमच्या. बाराही महिने पाणी असतं."

"विहीर असू द्या हो! संकट आलं की माणसानं आधी पाणी भरावं, मग बाकीचं बघावं."

यात माझी चूक नाही. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. घरात लग्न असो, दहावीची परीक्षा असो की कुणाचं ऑपरेशन, आम्ही आधी ड्रम भरतो आणि मग पुढच्या कामाला लागतो. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली आमचे निळे ड्रम रांगेनं उभे आहेत, आणि त्यांच्यावर माझं नवऱ्याइतकंच लक्ष असतं. (जास्तच असतं.)

पण विहीणबाईंच्या बाबतीत एक जुनी सल होती. पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आठवड्यानं पाणी? अगंबाई! मग तुम्ही आंघोळी कधी करता?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं, पण मला तो प्रश्न त्या दिवसापासून बोचत होता. म्हणून दुसऱ्या फोनला मी सरळ आमंत्रणच दिलं. "तुम्ही सगळे इकडं या. आमच्याकडं ना समुद्र, ना वादळ." घर राखायला जावई थांबले, आणि पल्लवी, विहीणबाई आणि व्याही आप्पा अशी मंडळी गाडी करून आमच्याकडे दाखल झाली. आता माझ्यापुढे एकच ध्येय होतं: या बाईला माझ्या घरात पाण्याची चणचण जाणवता कामा नये.

पल्लवीनं उंबऱ्यातच मला बाजूला घेतलं.

"आई, पाण्यावरून एक शब्द बोलू नकोस. आणि सासूबाई आंघोळीला गेल्या की तांबे मोजू नकोस."

"मी कधी मोजले?"

"बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून आवाजावरून मोजतेस."

मुलगी सासरी गेली की फार बोलायला शिकते.

नशिबानं त्याच दिवशी नळ आला होता. ड्रम भरले, टाकी भरली, आणि मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवरची बाई म्हणाली, वादळानं दिशा बदलली असून मराठवाड्यातही सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पावसाची शक्यता आहे.

"घ्या!" आमचे हे म्हणाले. "पाव्हण्यांच्या मागं मागं आलं का काय हे?"

"हळू बोला. ऐकतील."

"लई लांबून आलंय म्हणलं. च्या ठेव त्याला बी."

अर्ध्या तासात गल्ली आमच्या दारात जमली, कारण आमच्याकडे कोकणातला माणूस होता. शेजारच्या शेखभाईंनी आप्पांचा हातच धरला. "अंकल, आप तो समंदरवाले. बोलो, क्या करना?"

"अहो, आमच्याकडेही असं काही येत नाही हो," आप्पा म्हणाले. पण समोर एवढी माणसं तोंडाकडे बघत उभी. कोणता पुरुष अशा वेळी गप्प बसेल? त्यांनी घसा खाकरला. "तरी पण सांगतो. वाऱ्याच्या मागून पाऊस येणार म्हणजे येणार. आणि आमच्यासारखा कोसळला तर तासाभरात तुमच्याकडचं सगळं भांडं न् भांडं भरेल!"

मग तयारी सुरू झाली. ह्यांनी स्कूटर उचलून हॉलमध्ये आणून उभी केली आणि खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावायला घेतल्या. आप्पांना वाटलं, खिडक्या उघड्या हव्यात, वारा आरपार जायला. म्हणून हे एक खिडकी चिकटवत पुढे जात होते आणि आप्पा मागून ती सोडवत येत होते. दोघांनाही वाटत होतं की काम झपाट्यानं चाललंय. स्कूटर मध्ये असल्यामुळे विहीणबाईंना सोफ्यावर जायला सीटवरून पाय टाकावा लागत होता.

माझ्या डोक्यात मात्र आप्पांचं ते एकच वाक्य घुमत होतं. सगळं भांडं न् भांडं भरेल. आणि मला धडकीच भरली. आमची सगळी भांडी तर भरलेलीच होती! आभाळातून फुकटचं, गोड पाणी कोसळणार आणि ते माझ्या भरल्या ड्रमांवरून ओघळून गटारात जाणार. मराठवाड्याच्या माणसाला घराचं छप्पर उडालेलं एक वेळ चालेल, हे चालणार नाही.

"अहो, ऐकलंत का? ड्रम रिकामे करायचे."

ह्यांच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली. "डोकं फिरलं का तुझं? कालच भरलेत!"

"कालचं शिळं पाणी जपायचं आणि ताजं वाहू द्यायचं?"

ह्यांनी चिकटपट्टी उचलून खिशात घातली आणि गच्चीचा जिना चढायला लागले. (शेवटी चढतातच.)

पहिला ड्रम ओतण्याआधी मी त्याला हात जोडले. लग्न झाल्यापासून या शहरात मी पाणी कधी ओतलं नव्हतं, भाजी धुतलेलंसुद्धा कुंडीत जायचं. आधी गोधड्या धुतल्या. मग जिना, मग अंगण, आणि मग सरळ रस्ता. शेखभाई कंपाउंडवरून डोकावले.

"भाभी, कायकू पानी फेक रए? तबियत ठीक है ना?"

"ठीक आहे, भाई. बारिश का घेना है!"

तेवढ्यात गॅलरीतून विहीणबाईंचा आवाज आला. "अगंबाई! ताई, तुमच्याकडे तर पाणीच पाणी! मी उगाच काहीबाही ऐकून होते हो."

काय सांगू तुम्हाला, हे वाक्य ऐकायला मी पल्लवीच्या लग्नापासून थांबले होते! मला इतका आनंद झाला की मी टाकीची तोटीही सोडून दिली. मग स्वयंपाकघरातला माठ, कळशी, बादल्या, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा रिकामा करून गच्चीवर मांडला. ड्रम शेडखालून ओढून पत्र्याच्या कडेला, झाकणं काढून, एका ओळीत लावले. पल्लवी मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होती. "आई, तू पाणी ओततेयस. हे माझं कुणी खरं मानणार नाही."

दुपारी आभाळ पिवळं पडलं. आम्ही सगळे गच्चीच्या दारात उभे राहिलो, जसं काही वरात येणार होती.

वारा आला. आधी माठ फुटला. मग पहिला ड्रम जागच्या जागी डुलला, जरा विचार केला, आणि चालू लागला. त्याच्यामागून दुसरा. आमच्या गच्चीचा एका बाजूचा कठडा बांधायचा राहिलाय, हे त्या ड्रमांना आमच्यापेक्षा चांगलं लक्षात होतं.

"धरा! धरा!" मी ओरडले.

ह्यांनी एका ड्रमला मिठी मारली. ड्रम थांबला नाही, ह्यांना घेऊन निघाला. आप्पांनी ह्यांचा सदरा धरला म्हणून घरातला कर्ता पुरुष वाचला, ड्रम मात्र गेला. सुदैवानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एक ड्रम शेखभाईंच्या पेरूच्या झाडावर बसला आणि एक उड्या मारत चौकापर्यंत गेला, तिथून डावीकडे वळला म्हणे. भरलेला ड्रम चार माणसांना हलत नाही. मी ते सगळे हलके करून, वाऱ्याच्या हातात देऊन मोकळी झाले होते.

"पाऊस येईल आता," आप्पा हात पसरून म्हणाले. "येईल हो."

चार टपोरे थेंब आले. चारही आप्पांच्या हातावर पडले. मग जी धूळ उठली, ती थेट आप्पांनी सोडवलेल्या खिडक्यांतून घरात शिरली, आणि वारा थांबला तेव्हा कोण व्याही आणि कोण यजमान ते ओळखू येईना. वीज गेली होती. मी शेखभाईंना हाक मारली.

"भाई, बोअरचं पाणी मिळंल का?"

"बोर है भाभी, पर लाइट किधर है?"

आणि तेवढ्यात समोर विहीणबाई. पापण्यांपर्यंत माती, खांद्यावर टॉवेल.

"ताई, जरा आंघोळ करून घेते हो."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्कूटरचा आधार घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं. "विहीणबाई, पाणी नाही. घरात थेंब नाही."

"नाही कसं?" त्या म्हणाल्या आणि मला हाताला धरून पाहुण्यांच्या खोलीत घेऊन गेल्या.

पलंगाखाली दोन बादल्या, एक हंडा आणि कपड्यांचा टब. सगळे काठोकाठ. वर नीट ताटल्या झाकलेल्या.

"काल नळ आला तेव्हाच भरून ठेवलं," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच नाही का फोनवर सांगितलंत, संकट आलं की आधी पाणी भरावं? आज तुम्ही ओतत होतात, तेव्हा मला वाटलं की तुमच्याकडे जास्तीचं असेल."

मी मटकन पलंगावर बसले. लाज वाटली आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं, त्यामुळे दोघींचाही चिखल झाला.

विहिरीवर मनसोक्त न्हाणाऱ्या त्या बाईनं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली. मी बाथरूमबाहेर उभी होते, पण मोजले नाहीत. (सात तांबे.) संध्याकाळी जावयांचा फोन आला. तिकडे वादळ लांबूनच गेलं होतं. नारळाची झावळीसुद्धा पडली नाही, उलट छान पाऊस झाला आणि विहिरीचं पाणी वर आलं.

ड्रम शेखभाईंनी शोधून आणले. चौकातून डावीकडे वळलेला तेवढा सापडला नाही. आता हवामान खात्याचा कुठलाही इशारा आला की पहिला फोन विहीणबाईंचा असतो. परवाही आला. मी गच्चीवर सकाळची पूजा करत होते.

"ताई, वादळ येतंय म्हणे. तुम्ही काही ओतलं तर नाही ना?"

"छे हो!" मी म्हणाले, आणि तुळशीवर कललेला तांब्या हळूच सरळ केला.