तुर्दुकानने मधली जागा सोडली

त्या हिवाळ्यात आमच्या नारीन गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच कुजबुज होती: बिश्केकच्या बाईने चहात काहीतरी कालवलं, म्हणून तुर्दुकानने मधली जागा सोडली.

आमच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गालिच्यांच्या, कारखान्यात लोकर चटईवर पसरतात, कढत पाणी शिंपडतात, चटईसकट गुंडाळी करतात. मग बायका ओळीने गुडघे टेकून हातांनी ती दाबत, रेटत नेतात. मधली बाई ठेका मोजते, बाकीच्या त्यावर दाबतात. तुर्दुकान सासरी आल्यापासून मोजत होती. घरी नवराही तिच्या मोजण्यावरच घास गिळतो, असं आम्ही म्हणायचो. ती लांब असताना, अर्थात.

मग गिऱ्हाइकांकडून नमदे परत यायला लागले. एक कड घट्ट, दुसरी भुसभुशीत. मालकाने बिश्केकहून उम्सुनाईला बोलावलं. एकत्र काम करणाऱ्यांचं कुठे बिनसतं ते हेरायचं आणि त्यांची घडी बसवून द्यायची, हाच तिचा धंदा. ती आली, कोपऱ्यात बसली, गप्पा मारू लागली. बायका तिच्याशी हसायला लागल्या.

"एवढं खिदळण्यासारखं काय आहे तिच्यात?" आम्ही लोकर पिंजत होतो तिथे येऊन तुर्दुकान म्हणाली. "दात मलाही आहेत."

"आम्हाला कधी दिसले नाहीत."

"तुम्ही पिंजा. माझी जागा हवीय तिला. नजर बघा, मधेच खिळलीय."

चहाची वेळ झाली. उम्सुनाई म्हणाली, "तुर्दुकान एजे, आज चहा तुम्ही ओता."

एजे म्हणजे थोरली ताई. चहा ओतायचा तो सगळ्यांत धाकट्या सुनेने, दाराशी बसून.

"थोरलीला दाराशी बसवतेस? उद्या झाडूही देशील हातात."

"झाडू मी मारीन, एजे. चहा तेवढा तुम्ही ओता."

पुन्हा हशा, तोही उम्सुनाईच्या बाजूने. तुर्दुकान इरेला पेटली आणि दाराशी जाऊन बसली.

ओतणारीला प्रत्येकीच्या वाडग्यावर लक्ष ठेवावं लागतं. एरवी ओतणाऱ्या धाकट्या झिबेकने आज वाडगा घेतला, तो डाव्या हाताने.

"डावा हात? आईने हेच शिकवलं का गं?" म्हणताना तुर्दुकानला बाहीतलं उजवं मनगट दिसलं. सुजून टम्म. नमद्याची जी कड भुसभुशीत यायची, त्याच कडेला झिबेक बसायची.

"कधीपासून?"

"मेंढ्या डोंगरावरून उतरल्या तेव्हापासून."

"आणि रोज ओततेस, तर कुणाला दिसलं नाही?"

"ओतणारीकडे कोण बघतं, एजे?"

"मग तोंडाने सांगायचं."

"केव्हा? तुम्ही मोजत असता."

उम्सुनाई मुरंबा चाटत होती. तिला हे आधीच दिसलं होतं. तुर्दुकानला जास्त झोंबलं ते हेच.

चहानंतर तुर्दुकाननेच झिबेकला मधे बसवलं. "दाबू नकोस. मोज. आणि मोठ्याने, नवऱ्याशी कुजबुजतेस तशी नको." स्वतः कडेला गेली. नमदा दोन्ही कडांना सारखा उतरला. मालकाने उम्सुनाईचा हात धरून आभार मानले, मानाचा चपान, लांब अंगरखा, तिच्या खांद्यावर घातला. तुर्दुकान कडेलाच उभी होती. तिच्याकडे कुणी वळलंही नाही.

त्याच संध्याकाळी कुजबुज सुरू झाली.

ती तुर्दुकाननेच सोडली होती; आपली नजर चुकली म्हणण्यापेक्षा चहाला दोष देणं सोपं. चहात रोजच्यासारखं चहा, दूध आणि मीठ होतं. ओतला तिनेच होता.