फक्कीची बाग

माझी लेक नगरपालिकेत बागांचे आराखडे करते. ऑफिसात तिला ‘फुटपट्टी’ म्हणतात. कागदावरच्या बागेवर तिचा विश्वास नाही. प्रत्येक बाग आधी जमिनीवर खऱ्या मापात आखून बघते.

शहर चहूकडे वाढतंय. मोकळी जागा दिसली की तिथे वाहनतळ करा, असा धोशा सुरू होतो. आमच्या घरामागच्या मैदानाचंही तेच घाटत होतं. मोठे साहेब पाहणीला येऊन जागेवरच निकाल देणार होते: वाहनतळ की बाग. साहेबांचा कल गाड्यांकडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बागेचा आराखडा लेकीचाच होता. वर्षभर राबलीय पोर, नाही म्हणाले तर?

आदल्या दिवशी ती मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं घेऊन मैदानात उतरली.

“अगं, टोपी घाल!” मी गच्चीतून ओरडले.

“आई, डोक्यावर आहे ती काय आहे?”

दुपारपर्यंत पांढऱ्या रेघांची अख्खी बाग तयार झाली. रस्ता, बाकं, घसरगुंडी, तळं, फुलांचे वाफे. प्रत्येकाशेजारी ठसठशीत अक्षरांत नाव. साहेबांना दाखवायला.

पण संध्याकाळी लोकच आत शिरले. पोरं आखलेल्या रस्त्यावरून पळू लागली. म्हातारी मंडळी घरून खुर्च्या आणून ‘बाक’ लिहिलेल्या चौकोनांत बसली. आणि लगेच भांडणंही!

“आमच्या कानाशी घसरगुंडी कशाला? दोन घटका बोलू द्याल की नाही?” एका आजोबांनी लेकीला झापलं.

“चुकलंच आजोबा,” म्हणत तिने खराट्याने घसरगुंडी पुसली आणि पलीकडे नेऊन परत काढली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

सकाळी बघते तर निम्म्या रेघा पायांनी फिसकटलेल्या. “आता दाखवणार काय?” मी कपाळाला हात लावला. लेकीने बोट दाखवलं. मैदानात खुर्च्या पुन्हा हजर होत्या.

साहेब आले, सोबत वाहनतळाचा नकाशा धरलेला इंजिनिअर. साहेब तरातरा मधूनच निघाले, तोच शेजारच्या आजी कडाडल्या, “अहो, डोळे आहेत ना? फुलं तुडवताय!”

साहेबांनी टुणकन मागे उडी मारली. “माफ करा आजी.” मग आपल्या पांढऱ्या झालेल्या बुटांकडे पाहिलं आणि असे हसायला लागले की डोळ्यांत पाणी आलं. पुढे मात्र मुकाट्याने आखलेल्या रस्त्यानेच, वळणावळणाने, सबंध फेरी मारली.

इंजिनिअरने नकाशा उलगडला. “साहेब, तर गाड्या इथून आत...”

“कुठे लावणार बाबा?” साहेब म्हणाले. “जागा आहे का इथे? बागच होऊ दे.”

खुर्च्यांवरची मंडळी उठून उभी राहिली, पोरांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. लेक माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी फक्कीने माखलो.

“तळ्याला कठडा घाल हं,” मी म्हणाले. “पोरं पडतील.”

“आई, आधी खणू तर दे!”