पप्पांच्या मागची सीट

शीळफाट्याजवळ टेम्पोने आमची स्कूटर उडवली, तेव्हा मी पप्पांच्या मागे बसलेलो. पप्पांच्या पायात रॉड बसवावा लागला, मला नुसतं खरचटलं. पण पाय बरा झाल्यावर पप्पा परत स्कूटरवर, आणि मी? कुठे ब्रेक कचकन वाजला तरी घामाघूम.

"बस रे मागे, कोपर स्टेशनपर्यंत सोडतो," पप्पा रोज म्हणायचे. मी त्यांच्याच आवाजात सांगायचो, "चालल्याने पचन सुधारतं!" ते हसायचे आणि एकटेच निघायचे. ते एकटं जाणं बघवेना, म्हणून मी थेरपी करायचं ठरवलं. ती असते ना, ॲक्सिडंट आठवत डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे आणि भीती घालवायची, ती.

पहिला थेरपीवाला गडी वागळे इस्टेटला. नाव विचारलं आणि डायरेक्ट इकडून तिकडे पळणाऱ्या लाइटची पट्टी सुरू. "ॲक्सिडंट आठवा. लाइट बघा." अरे, आधी पाणी तरी विचार! आठवलं, सगळं एकदम आठवलं. घरी येईपर्यंत प्रत्येक हॉर्नला दचकलो. तरीपण टॉर्च घेऊन मी त्याची नक्कल केली. आई हसली नाही. तिनेच मग डोंबिवलीच्या मॅडम शोधल्या.

या मॅडमकडे सुरुवातीला नुसत्या गप्पा. मी टेम्पोवाला केला, हवालदार केला, वॉर्डमधली सिस्टर केली. त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "छान करतोस. आता तुझ्या आवाजात सांग, तेव्हा तू काय म्हणालास?"

मी तोंड उघडलं, तर परत टेम्पोवाल्याचाच आवाज निघाला.

"राहू दे, घाई नाही. जिथे तुला कधीच भीती वाटली नाही, अशी एखादी जागा सांग."

समुद्र-बिमुद्र सांगणार होतो. निघालं भलतंच. "स्कूटरवर, पप्पांच्या मागे. लहानपणी त्यांच्या पाठीला नाक चिकटवून बसायचो." आणि रडायलाच लागलो राव.

"मग तिथूनच सुरू करूया," म्हणत त्यांनी दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली. डावीकडे, उजवीकडे. नको झालं की मी हात वर करायचा, त्या थांबायच्या. हात बऱ्याचदा वर गेला. दर वेळी त्या थांबल्या.

गेल्या रविवारी पप्पांनी स्कूटर काढली आणि मी गपचूप मागे बसलो. नाक पाठीला.

"सरळ बस, गुदगुल्या होतात! आणि काय रे, आज माझी नक्कल नाही?"

"पप्पा, हळू चालवा ना."

"अजून किती हळू? तो बघ, सायकलवाला पुढे गेला!"