काळीचे तेरा डोस

दीक्षा तळभंडारे पुण्याची नोकरी सोडून सोलापूरला परत आली, तेव्हा आईला एवढंच म्हणाली, "जे काम तिथं बसून करते, तेच इथं बसून करीन."

"बस की," आई, म्हणजे शालन, म्हणाली. "पण पंख्याखालची खुर्ची माझी आहे."

बुधवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीने एवढंही औदार्य दाखवलं नाही. पुण्याहून परत आलेली मुलगी म्हणजे एक तर लग्न ठरलेली, नाहीतर नोकरी गेलेली. तिसरा प्रकार गल्लीला माहीत नव्हता.

दोन वर्षं दीक्षाने दवाखान्यांच्या वेबसाइटी आणि क्लासच्या जाहिराती असली किडुकमिडुक कामं केली. मग एका मेंढीपालक संघाचं मोबाइल ॲप तिच्याकडे आलं. तिचं पहिलं खरं काम. ॲप हायब्रीड जातीचं, म्हणजे स्वयंपाक एकदाच करायचा आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्ही पंगतींना वाढायचा. मेंढपाळांत आयफोन कोणाकडे असतो, असं शालनने विचारलं. "अध्यक्षांच्या जावयाकडे," दीक्षा म्हणाली.

ॲपच्या तळाशी तीन टॅब होते: कळप, औषध आणि बाजार. कळपात मेंढीच्या फोटोवर बोट ठेवलं की तिचं पान उघडायचं. त्यावर 'औषध दिले' दाबलं की औषधाच्या टॅबमधला फॉर्म यायचा. हिरवं बटण दाबलं की नोंद झाली. हे सगळं दीक्षाला इतकं सोपं वाटलं की तिने काम संपायच्या आधीच पेढे वाटले. चाचणीसाठी ॲप संघातल्या मायाक्का या मेंढपाळ बाईच्या फोनवर घातलं होतं.

बुधवारी सकाळी संघाचे अध्यक्ष महादेवप्पा यांचा फोन आला. ते अक्कलकोटकडचे, रागावले की सुरुवात कानडीतून करायचे.

"एन री मॅडम! मायाक्काच्या काळीला एका दिवसात जंताचं औषध तेरा वेळा पाजलंय की हो तुम्ही. मेंढी हाय का मोरी?"

"मी कुठे पाजलंय?"

"तुमचं ॲप म्हणतंय. आणि बाकीच्या बारा मेंढ्या कोरड्याच. हे बघा, रविवारी बैठक हाय. सगळ्यांसमोर नीट चाललं तर ठीक, न्हाय तर पुण्याची कंपनी बघतो. जावई म्हणतोय, असली कामं पुण्यालाच होतात."

काम जाण्यापेक्षा जावयाचं म्हणणं खरं ठरण्याच्या कल्पनेनेच दीक्षाचं पित्त खवळलं.

ती कामाला बसली. एक मेंढी उघडली, फॉर्मवर गेली, नाव बरोबर आलं. कोडची एक ओळ बदलली, ॲप पुन्हा सुरू केलं, पुन्हा बरोबर. संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा हेच. इंटरनेटवरच्या पंडितांपैकी एकाने सगळं पुसून पुन्हा बसवायला सांगितलं. दुसऱ्याने पहिल्याला मूर्ख म्हटलं. तिसरा 'माझं सुटलं, धन्यवाद' एवढंच लिहून, कसं सुटलं ते न सांगता, सहा वर्षांपूर्वी गायब झाला होता. त्याच्यासाठी दीक्षाने जे शब्द वापरले, ते शालनने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"मायाक्काच काहीतरी भलतं दाबत असणार," दीक्षा शेवटी म्हणाली.

शालनने एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं होतं. ती म्हणाली, "रोग सापडला नाही की डॉक्टर असंच म्हणतात. पेशंट खोटं बोलतोय. उद्या चल, पेशंट बघून येऊ."

मायाक्का मूळची सांगोल्याकडची, पण सध्या तिची मेंढरं मंगळवेढा रस्त्यालाच, शहराबाहेरच्या एका शेतात बसवली होती. खतासाठी शेतकरीच त्यांना बोलावून घेतात. गुरुवारी सव्वाअकराला मायलेकी स्कूटरवरून तिथे पोचल्या.

"आलीस व्हय?" मायाक्का म्हणाली. "ये. ही बघ काळी. विचार तिला, कुटं कुटं दुकतंय."

तेरा डोस पचवून काळी ठणठणीत होती आणि दीक्षाच्या ओढणीचं टोक चघळत होती.

त्या तेरा सोडून कळपातल्या राहिलेल्या मेंढ्यांना त्या दिवशी औषध पाजायचंच होतं. मायाक्काचा नवरा बिरुदेव मेंढी धरायचा, मायाक्का तोंडात औषध सोडायची, कपाळाला लाल रंगाचं बोट लावायची आणि मग फोन घ्यायची. पहिली ढवळी. नोंद बरोबर झाली. दुसरी तांबडी. मायाक्काने फोटो दाबला, तांबडीचं पान आलं, तिने 'औषध दिले' दाबलं, आणि फॉर्मच्या डोक्यावर ढवळीचंच नाव.

"थांबा, मावशी! नाव बघा ना."

"मला कुटं वाचाय येतंय? फोटू बघती अन् हिरवं दाबती. तुज्या फारमावर फोटू कुटं हाय?"

नव्हताच. दीक्षाने तिचं बोट आता कुठे जातंय ते बघितलं.

"आणि फॉर्म झाल्यावर तुम्ही 'मागे' का नाही दाबत? खालचा टॅब का दाबता?"

"मागं दाबलं की औषदाच्या यादीत जाऊन पडतंय. मेंढरू ज्या वाटंनं जातं त्याच वाटंनं परत येतं. तुजं पान भलतीकडंच जातंय. म्हून मी ते दाबायचंच सोडलं."

दीक्षा तिथेच खाली बसली. टॅब बदलला तरी मागचं पान मिटत नाही, ते आत तसंच जागं राहतं, हे तिला माहीत होतं. पण तिच्या टेबलावर ॲप दर वेळी नव्याने सुरू व्हायचं. काल चाळीस वेळा तिने पहिल्याच मेंढीला औषध पाजलं होतं. दुसरी मेंढी आलीच नव्हती.

"तुझा फॉर्म नाव वाचतो कधी?" शालनने विचारलं.

"पान तयार होतं तेव्हा. एकदाच."

"म्हणजे सकाळी पहिल्या पोराचं कार्ड वाचायचं आणि दुपारपर्यंत सगळ्या पोरांना त्याच्याच नावाने टोचायचं! अगं, मी असं केलं असतं तर आयांनी मला दवाखान्याच्या दारात बडवलं असतं. दर सुईआधी कार्ड वाचायचं, दीक्षे. शेजारणीचं पोर असलं तरी."

दीक्षाने उलट्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवला. नाव वाचायचं काम तिने पानाच्या जन्मावरून काढून, पान दर वेळी समोर येतं त्या क्षणावर नेलं. फॉर्मला कळपाच्या टॅबमध्येच जागा दिली, म्हणजे 'मागे' दाबलं की ज्या मेंढीवरून गेलो तिच्यावरच परत. वर फोटो टाकला. घाईत कोडमध्ये त्या पानाकडे नेणाऱ्या रस्त्याचं नाव चुकलं आणि मायाक्काच्या फोनवर नुसतं पांढरं पान आलं.

"आता तर मेंढीच पळाली की," बिरुदेव म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

दुसऱ्या खेपेला जमलं. मग अकरा मेंढ्या ओळीने पाजल्या. ज्या कपाळावर लाल बोट, त्याच फोटोखाली नोंद.

रविवारी बैठकीत महादेवप्पांनी फोन दीक्षापुढे धरला. तिने तो मायाक्काकडे दिला. मायाक्काने ॲप एकदाही बंद न करता वीस मेंढ्या उघडल्या, वीस वेळा मागे आली. जावयाने पुढे होऊन आपल्या आयफोनवर पंचवीस केल्या. सगळ्या बरोबर आल्यावर त्याला चार्जिंगची आठवण झाली.

"बरं," महादेवप्पा म्हणाले. "काम तुमच्याकडंच ठेवा. आता शेळ्यांचं पण घाला. आणि काळीचे ते बारा डोस पुसा."

"पुसायचे न्हायत," मायाक्का म्हणाली. "बाजारात दावीन. तेरा डोस पिऊन हुभी हाय, लई टणक मेंढी म्हनीन."

दुसऱ्या दिवशी दीक्षाने टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'दुसरी मेंढी बघ.' तो खिडकीतून दिसतो. गल्लीत सध्या बोललं जातं की शालनची मुलगी मटणाचं दुकान काढतेय.