सुंदराबाईंचं पिवळं पाणी

जोगेश्वरीच्या चाळीत सुंदराबाईंकडे दर रविवारी कावीळ उतरवायला माणसं यायची. रोग्याच्या तळहातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळायचा, वर चुन्याचं पाणी ओतायचं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! ही विद्या सासूने दिली होती आणि उगाच खोलात शिरू नकोस म्हणून दटावलंही होतं. पण बाईंना नसत्या चौकश्या फार. हा पिवळा रंग मुळात येतो कुठून? आणि काहींचं शौच खडूसारखं पांढरं का होतं? असल्यांपैकी दोघं हात धुऊनही दगावले, तेव्हापासून त्या तशांना सरळ हॉस्पिटलात पिटाळायच्या.

पंच्याऐंशी साली एका रविवारी शेजारच्या चाळीतला सहदेव आला. गिरणी सुटलेली, छातीत क्षय.

"मावशी, लघवी नारिंगी होते. गोळ्यांनी कावीळ झाली मला. बंद केल्या."

बाईंनी त्याची पापणी ओढून पाहिली. डोळा पांढराशुभ्र. शौच नेहमीचं. तरी हात धुतले, तर पाणी पिवळंधमक! सहदेवची खात्रीच पटली. बाई मात्र चक्रावल्या. तो गेल्यावर दार लावून त्यांनी स्वतःचे हात तसेच धुतले. पाणी पिवळं झालं.

सोमवारी त्या म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात उत्तरा डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या. सहदेवचं सगळं सांगून त्यांनी रंगाचं कोडं विचारलं.

"रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात," डॉक्टर म्हणाल्या, "त्यांच्या लाल रंगाचा पिवळा होतो. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं. तिथे त्याचा तपकिरी होतो, तोच शौचाचा रंग. वाट तुंबली की शौच पांढरं, डोळे पिवळे. सहदेवच्या गोळीचा रंगच नारिंगी आहे. यकृत तीही पित्तातून बाहेर काढतं, थोडी लघवीतून जाते. यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून डोळे पिवळे झाले, अन्न जाईना झालं, तर लगेच आणा. पण मनाने गोळ्या सोडल्या तर क्षय त्याचा जीव घेईल."

"एवढा कारखाना पोटात चाललाय, आणि मी नुसती हात धूत बसले!" बाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला, आणि लाजही वाटली.

सहदेव ऐकेना. "डॉक्टरीण काय सांगते! तुमच्याच पाण्याने दाखवलं ना?"

पुढच्या रविवारी त्यांनी त्याला गोळ्यांसकट बोलावून घेतलं. दारात दहाबारा माणसं बसली होती. बाईंनी सगळ्यांदेखत स्वतःच्या हातांना रस चोळला आणि वर चुन्याचं पाणी ओतलं. परातीत पिवळं पाणी साचलं.

"बघ रे मेल्या! माका काय कावीळ झाली हा? कोणाचेय हात धुव, पाणी पिवळाच होतला!"

मग माणसं एकेक करून उठून गेली. सासूच्या काळापासून दारात लागणारी रांग मोडली, तरी बाईंनी कुणाला अडवलं नाही. सहदेव तेवढा बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने खिशातून गोळी काढली, प्यायला पाणी मागितलं आणि ती गिळली.