भंतेजींना वाढलेली खीर

बौद्ध विहारातून परत पाठवलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष.

झालं काय, मी रिटायर झालो आणि नेहरू नगरच्या घरात दिवसभर बायकोच्या मागे मागे फिरू लागलो. (मदतीला हो!) महिन्याभरात ती सुकली. एक दिवस भाजी चिरता चिरता रडायलाच लागली. कांदा नव्हता, दुधी होता! लेकीने लगेच सांचीच्या रस्त्यावरच्या एका विहारात खोली ठरवली. तिथे मौन पाळतात, कोणी काही विचारत नाही.

"बाबा, दोन दिवस तरी आईला अकेली जाऊ द्या ना!"

"एकटी? वेड लागलंय का? मी जातो सोबत!"

ही काहीच बोलली नाही. मला वाटलं, आत्तापासूनच मौनाचा सराव!

विहारात भिक्खू एकदाच जेवतात, तेही दुपारच्या आत. पाहुण्यांना वाढायला मिळतं. मी बाह्या सरसावून खिरीचं पातेलं उचललं. पहिल्या भंतेजींनी पात्रावर हात आडवा धरला. आता, आमच्यात पानावर आडवा हात म्हणजे नकार थोडाच? खरं वाढणं तिथूनच सुरू होतं!

"घ्या हो, एवढीशी तर आहे!" म्हणत मी हात सरकवून दोन डाव घातलेच. बिचारे बोलणार कसे? मौन! शिवाय पात्रात पडलेलं टाकायचं नाही. इतके गुणी पाहुणे मला जन्मात मिळाले नव्हते. मी पातेलं संपवूनच थांबलो. ही समोरून डोळे वटारत होती. (तिलाही मौन होतं, म्हणून वाचलो.)

दुपारी सगळे ध्यानाला बसले. आधी एक ढेकर घुमली. मग कोपऱ्यातून घोरणं सुरू झालं, आणि बघता बघता अख्खी रांग डुलायला लागली!

थोरल्या भंतेजींनी आम्हा दोघांना खुणेने बाहेर, बोलायची मुभा होती तिथे, बोलावलं. हिचा चेहरा उतरला. बिचारीने आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली, तीही मी घालवली!

"कुठले जी तुम्ही?"

"मूळ अमरावतीचे."

"तरीच एवढा आग्रह!" भंतेजी हसले. "काका, लोक इथे का राहतात सांगू? इथे कोणी मागे लागत नाही म्हणून. तुम्हाला आत्ताची बस मिळेल. ताई राहतील."

मी मुकाट्याने पिशवी उचलली.

भंतेजी हिला म्हणाले, "ताई, वाटलं तर अजून दोन दिवस राहा."

आमच्यात पहिल्या आग्रहाला कोणी हो म्हणत नाही. ही म्हणाली, "चार राहते!"