कागदाला लागलेलं आप्पाचं बोट

दोष आप्पाचा. शंभर टक्के. मशीनचा नाही, सरकारचा नाही, माझ्या नशिबाचा तर अजिबात नाही. आप्पा म्हणजे माझ्या वडलांचा मोठा भाऊ, तलासरीकडच्या एका शाळेचा हेडमास्तर. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. इथे करणार नाही.

मी डहाणूच्या कॉलेजात एफवाय अर्धवट सोडलं. का सोडलं ते वेगळं भांडण आहे. आप्पा म्हणाला, "रिकामा हिंडण्यापेक्षा माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बस." बसलो. पाच वर्षं बसलो. टेबलाच्या खणात मात्र पुस्तक होतं. तंत्रज्ञाची सरकारी भरती, काळे गोल भरायची लेखी परीक्षा, वयाची अट चोवीस. म्हणजे भरती निघेपर्यंत माझ्या हातात एकच चान्स उरला होता. तो कसा गेला ते शेवटी सांगतो. आधी बाकीचं ऐका, नाहीतर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

शाळेच्या ऑफिसात कागद साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच की कागद मे महिन्यात रद्दीत जातात. किस्से माझ्या डोक्यात पडून आहेत, आणि आता तिथे जागा राहिलेली नाही.

*

शाळेला नवा स्कॅनर आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आप्पा ताट घेऊन हजर. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. मी म्हटलं, ठीक आहे, वर झाकणाला लावेल. आप्पाने झाकण उघडलं आणि आतल्या काचेवर मधोमध ओलं कुंकू लावलं!

"आप्पा, आत कशाला?"

"बाहेर लावून काय उपयोग? काम आत चालतं ना!"

बारकूकाका आमचे शिपाई. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी माझ्यामागे ती काच पुसली. कशाने? समईच्या तेलाच्या फडक्याने! डाग गेला नाही, पसरून पक्का झाला.

मी चार दिवस सुट्टीवर होतो. त्या चार दिवसांत वंदनाताईंनी, म्हणजे आमच्या क्लार्कबाईंनी, पाचवीच्या सत्तर मुलांचे फॉर्म स्कॅन करून वर पाठवले. फॉर्मवर फोटोची जागा ठरलेली, काचेवर डागाची जागा ठरलेली. सत्तरच्या सत्तर मुलांच्या कपाळावर लाल टिळा!

वरच्या ऑफिसातून फॉर्म परत आले. शेरा होता, 'कपाळावरील डागाचा खुलासा करावा.' उधवा गावचा एक बाप तर शाळेत येऊन भांडला. "माझा पोरगा आंघोळीला पळतो, तो टिळा कधी लावायला लागला?"

वंदनाताई रडकुंडीला आल्या. परत आलेला फॉर्म नव्यानेच भरायचा, असा वरचा नियम. म्हणजे सत्तर फॉर्म परत भरायचे, सत्तर पालकांच्या सह्या परत घ्यायच्या. आप्पा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "पण सगळी पोरं कशी संस्कारी दिसतात बघा!"

त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडलो. सगळ्या स्टाफसमोर. "आप्पा, यापुढे ह्या ऑफिसातल्या एकाही कागदाला, एकाही मशीनला कुंकू लावायचं नाही! कुंकवाने सगळं बिघडतं!"

आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. काकूंकडून निरोप आला, "ह्यांच्या मनाला फार लागलंय. म्हणतात, शुभ कामाला आता काहीच लावायचं नाही का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तीच चूक.

*

मग आली मुलांची ओळखपत्रं. प्रत्येकावर क्यूआर कोड. गेटवर मोबाइल धरला की मुलाचं नाव येणार, हजेरी आपोआप लागणार. मी आठवडाभर बसून चारशे बारा मुलांचे चारशे बारा कोड बनवले, पेनड्राइव्हमध्ये घातले आणि आप्पाला दिले. आप्पा चारोटीला चाललाच होता, तिथल्या प्रिंटिंगवाल्याकडे.

आप्पाने दुकानात पहिला कोड स्कॅन करून बघितला. नाव आलं, 'काव्या, पाचवी ब'. आप्पा खूश. मग बाकीचे बघितले, तर प्रत्येक कोड वेगळा दिसतोय! कोणाचे ठिपके इकडे, कोणाचे तिकडे. हेडमास्तरला बेशिस्त चालत नाही.

प्रिंटिंगवाला गुजराती. बिचाऱ्याने दोनदा विचारलं, "सर, आ बधामां, सगळ्यांवर, एकच टाकू? पक्कं ने?"

"एकच टाका. युनिफॉर्म सगळ्यांचा एक आहे ना? मग हेही एक!"

पहिल्या दिवशी गेटवर मी मोबाइल घेऊन उभा. पहिला मुलगा, काव्या. दुसरा मुलगा, काव्या. दहावीतला मिशी फुटलेला पोरगा, काव्या. तो खाली मान घालून आत गेला, आणि त्याला वर्षभर पोरं काव्या म्हणत होती. खरी काव्या नेमकी त्या दिवशी तापाने घरी!

मी आप्पाकडे गेलो. "आप्पा, एकटी काव्या चारशे अकरा वेळा हजर आहे. बाकी सगळी शाळा गैरहजर."

आप्पाने चष्मा पुसला. "बेरीज बरोबर येते ना?"

*

आता हा किस्सा हसत सांगता येत नाही मला. तरी सांगतो.

आप्पाचं दुसरं वेड लॅमिनेशन. दिसला कागद की घाल मशीनमध्ये. नरपडच्या एक मावशी होत्या, मासळी विकायच्या. त्यांची मुलगी इकडे मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकायची. मुलीच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी भरला होता आणि त्याची पावती दाखवायला आल्या होत्या. छोटी गुळगुळीत चिठ्ठी, वर बारकोड. तहसील कचेरीच्या खिडकीवर तो बारकोड वाचला की दाखला हातात.

मावशी म्हणाल्या, "सर, ही भिजेल हो माझ्या हातात. दिवसभर बर्फात हात असतो."

बस! आप्पाला एवढंच पाहिजे होतं. "आणा इकडे."

मी शेजारच्या खोलीतून ओरडतोय, "आप्पा, नको! तो कागद शाईने छापत नाहीत, उष्णतेने छापतात!" आप्पा काय ऐकतो! चिठ्ठी गरम रोलरमध्ये एका बाजूने पांढरी गेली, दुसऱ्या बाजूने तव्यासारखी काळीकुट्ट बाहेर आली. वर प्लास्टिक मात्र झकास. कडा एकदम सरळ.

मावशींनी ती उलटीपालटी केली. उजेडात धरली. "सर, आता हे वाचणार कोण?"

आप्पा म्हणाला, "काळजी करू नका मावशी. आतला कागद सुरक्षित आहे!"

त्या बाईने तीन फेऱ्या मारल्या. तीन दिवस मासळीची पाटी घरी. तिसऱ्या दिवशी मी सोबत गेलो आणि खिडकीवर भांडून नवी पावती काढली. येताना त्या मला म्हणाल्या, "सरांना काय बोलू नको बाबा. मोठे आहेत. चांगल्या मनाने केलं त्यांनी."

ह्या एका वाक्यावर आमच्याकडची सगळी म्हातारी माणसं जगतात. चांगल्या मनाने केलं! वाईट मनाने करणारा माणूस परवडला, त्याला निदान अडवता तरी येतं.

*

आठवीच्या मुलांना काळे गोल भरायची सवय लागावी म्हणून मी सरावाच्या उत्तरपत्रिका बनवल्या. गोल फिकट गुलाबी छापले. फळ्यावर आकृती काढून स्टाफला समजावलं. उत्तरं तपासणारं मशीन गुलाबीकडे बघत नाही, काळ्याकडे बघतं. काळा ठिपका पेनचा आहे, शाईचा आहे की कशाचा, त्याला कळत नाही. एका रांगेत दोन काळे ठिपके दिसले की ते म्हणतं, ह्याने दोन उत्तरं दिली, बाद!

आप्पा पहिल्या खुर्चीवर बसून मान डोलवत होता. मान डोलवणं आणि ऐकणं ह्या आप्पाच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

कागद कमी पडले. आप्पाने बारकूकाकांना सांगितलं, "एकाच्या झेरॉक्स काढ. जरा डार्क काढ, पोरांना नीट दिसलं पाहिजे." झेरॉक्समध्ये गुलाबी गोल झाले काळे. झेरॉक्सच्या कागदावर लिहिलेल्या एकूण एक पोरांना भोपळा!

मी कारण शोधेपर्यंत आप्पाने प्रार्थनेला त्या तीस पोरांना पुढे उभं करून झापलं होतं. "लाज नाही वाटत? एकही उत्तर बरोबर नाही!" पोरं रडली. मी त्याला कानात खरं कारण सांगितलं. आप्पाने माइक झाकला आणि मला म्हणाला, "आता बोलून झालंय. पोरांना ओरडा कधी वाया जात नाही."

त्या पोरांची माफी कोणी मागितली? मी. कारण आप्पाला माफी मागायची सवय नाही, त्याच्या बापाला नव्हती.

*

वंदनाताई म्हणायच्या, "नितीन, चिडू नको. तुझी परीक्षा होऊ दे, सुट ह्यातून एकदाचा."

भरती निघाली. मी फॉर्म भरला. केंद्र कुठलं आलं? आमचीच शाळा. केंद्रप्रमुख कोण? आप्पा. मी म्हटलं, "आप्पा, पुतण्या बसतोय असं वर लिहून कळवा. नियम आहे." आप्पा म्हणाला, "घरचंच पोरगं. त्यात कळवायचं काय?"

माझा नंबर पहिला. पहिली खोली, पहिला बाक. प्रश्नांचा संच मला सी आला. उत्तरपत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात संचाचे चार गोल असतात, ए, बी, सी, डी. मी सी काळा केला. दोनदा तपासला. शंभर प्रश्न, दीड तास. एकाही गोलाबाहेर शाई गेली नाही. बाहेर आलो तेव्हा बारकूकाकांनी विचारलं, "काय रं, कसा गेला?" मी म्हटलं, "काका, आता तुमच्या आधी मी शाळा सोडणार."

निकाल लागला. माझ्या नंबरापुढे लिहिलं होतं, 'अपात्र. दोन संच नोंदवले.'

दोन? मी एकच भरला होता! साइटवर आपापल्या उत्तरपत्रिकेचा स्कॅन बघता येतो. उघडला. माझं अक्षर, माझी सही, माझा सी. आणि शेजारी ए वरही काळा ठिपका. पेनचा नव्हता. गोलाच्या बाहेर आलेला, कडेला फराटा ओढलेला, बोटाएवढा ठिपका. मोठा करून बघितला तर त्यात रेषा दिसत होत्या. बोटाच्या.

मी प्रिंट काढली आणि आप्पाच्या केबिनमध्ये गेलो. वंदनाताई आणि बारकूकाका मागून आले.

"आप्पा, हे काय आहे?"

आप्पाने कागद हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. आणि हसला. खरंच सांगतो, हसला!

"आली होय ह्यात? तीट आहे ती. गठ्ठे सील करताना तुझा कागद सगळ्यात वर होता. काकूकडून काजळाची डबी नेली होती मी मुद्दाम. म्हटलं पोराने मेहनत केलीय, नजर नको लागायला. कोपऱ्यात लावली, कोणाला दिसू नये म्हणून."

बारकूकाका भिंतीकडे बघत होते. गठ्ठा त्यांनीच धरला होता.

वंदनाताई कशाबशा म्हणाल्या, "सर, पण त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"सांगितलं होतं ना!" आप्पा एकदम म्हणाला. "म्हणूनच तर! कुंकू लावू नका म्हणाला होता. नाही लावलं मी कुंकू!"

उत्तरतालिका घेऊन मी स्कॅनवरचे गोल मोजले. एक्क्याऐंशी बरोबर होते. निवडीची यादी चौऱ्याहत्तर गुणांवर थांबली. अर्ज केला, उत्तर आलं, मशीनचा निर्णय अंतिम. पुढच्या महिन्यात मला पंचविसावं लागलं.